बाईंचा टिकल्यांचा दोर

आमच्या बाईंच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते. दारं उघडी असलेली माणसं आणि दारं बंद असलेली माणसं. दूधवाला उशिरा आला की म्हणायच्या, "आज त्याची दारं बंद दिसतायत." त्या शिकवायच्या त्या कॉलेजचे प्राचार्य तर त्यांच्या मते जन्मतःच कुलूपबंद होते. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी मला चष्म्याच्या वरून नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "दोन-तीन उघडी दिसतायत. बाकीची बघू." मला वाटलं, बाईंना वास्तुशास्त्राचा नाद असावा.

नाद होता, पण निराळाच. बाई पॅथॉलॉजिस्ट होत्या. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. सांगलीला विश्रामबागेत एका बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांची लॅब होती, आणि आठवड्यातून तीन सकाळी त्या एका कॉलेजात शिकवायला जायच्या. माहेर वाईचं, सासर सांगलीचं. लग्नानंतर चौथ्याच वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, कपाळ मोकळं. एकदा एका आगाऊ बाईनं "आता काळ बदललाय हो, लहानशी टिकली लावली तर काय बिघडतं?" असं विचारलं, तर "मायक्रोस्कोपला चिकटते," एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या. मी त्यांच्याकडे टेक्निशियन. गाव मलकापूर. मलकापूर कराडला खेटून असलं तरी ते कराड नव्हे, हे मी बाईंना पाच वर्षं सांगत होते, आणि पाच वर्षं त्या मला "कराडकर" अशीच हाक मारत होत्या.

बाई लुना चालवायच्या, आणि इंजिन सुरू असलं तरी पेडल मारत राहायच्या. "त्याला एकट्याला जड होतं," असं त्यांचं म्हणणं. मायक्रोस्कोपला डोळा लावला की पेशींशी गप्पा सुरू. "काय गं, केवढं हे केंद्रक! जरा अंगाला शोभेल एवढं असावं." पलीकडच्या बाकावर रक्त द्यायला आलेला पेशंट बसलेला असायचा. आपल्याबद्दलच चाललंय असं वाटून तो बिचारा पोट आत ओढून घ्यायचा. मी कितीदा सांगितलं की बाई, हळू बोला. पण हळू बोलणं हे दार त्यांच्यात उघडलंच नव्हतं.

लॅबच्या मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन दोर शेजारी शेजारी ताणलेले होते. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, कपडे वाळत घालायची सोय आहे. मीसुद्धा पहिल्या आठवड्यात त्यावर माझा ओला अ‍ॅप्रन टाकला होता. बाई किंचाळल्याच. ते दोन दोर मिळून त्यांचा डीएनए होता. डीएनएच्या चार अक्षरांसाठी चार रंगांच्या चिंध्या एकापुढे एक गाठी मारून त्यांनी तो स्वतः बनवला होता, आणि त्यावर ठिकठिकाणी लाल टिकल्या चिकटवल्या होत्या.

या टिकल्यांची खरेदी म्हणजे एक प्रकरणच. पेठेत एक मणेरचाचा होते, बांगड्या-टिकल्या विकायचे. मोकळ्या कपाळाच्या बाईनं एकदम बारा पाकिटं लाल टिकल्या मागितल्यावर चाचांचा हात तसाच थांबला.

"घरात शादी हाय का, बाई?"

"नाही हो, कॅन्सर आहे," बाई म्हणाल्या.

चाचांनी पाकिटं हातात दिली आणि ते आत निघून गेले. मी शेजारी उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या खेपेला मात्र बाईंनी दुकानासमोर उभ्या उभ्या चाचांना अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. तेव्हापासून चाचा टिकलीचं पाकीट देताना प्रत्येक बाईला बजावायचे, "बराबर जागेवर लावा बरं का. जागा चुकली तर लय वाईट, आमच्या डॉक्टरीणबाई सांगत्यात."

काय सांगत होत्या डॉक्टरीणबाई? मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आपल्या प्रत्येक पेशीत धागा एकच. त्वचेच्या पेशीत आहे तोच यकृताच्या पेशीत. मग त्वचा यकृतासारखी का वागत नाही? कारण प्रत्येक ठिकाणी त्या धाग्यावरची काही दारं उघडी, काही बंद. बंद करायच्या जागी एक चिमुकली खूण चिकटते, मिथाइल म्हणतात तिला. ती म्हणजे टिकली. ही टिकली लावणारी प्रथिनं वेगळी आणि टिकली बघून दार लोटून घेणारी प्रथिनं वेगळी. पेशीची एकाची दोन झाली की धाग्याचा एक पदर जुना असतो, एक कोरा करकरीत. तेव्हा एक प्रथिन येतं, जुन्या पदरावर टिकली कुठं आहे ते बघतं आणि नव्या पदरावर तिथंच लावतं. घरची रीत नव्या सुनेला शिकवणाऱ्या या प्रथिनाला बाई "थोरल्या जाऊबाई" म्हणायच्या. दार लोटून घेणाऱ्या त्या "धाकट्या". इंग्रजी नावं फळ्यावर लिहायच्या, पण तोंडात नाव हेच.

यावरून एकदा तोंडी परीक्षेत तमाशा झाला. बाहेरगावचे परीक्षक आले होते, भर उन्हाळ्यात टाय लावून. त्यांनी एका मुलीला विचारलं, नव्या धाग्यावर ही खूण कोण लावतं? मुलगी घाबरलेली. तिनं छातीठोकपणे सांगून टाकलं, "सर, थोरल्या जाऊबाई." परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मुलीला रडू फुटलं. बाई शेजारच्याच खुर्चीत.

"तिला काम विचारा," त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी नाइलाजानं काम विचारलं. मुलीनं हुंदके देत देत सगळं अचूक सांगितलं, कुठल्या अक्षरावर खूण लागते तेसुद्धा.

"काम बरोबर आहे ना? मग मार्क कामाचे द्या. नाव मी ठेवलंय, त्याचे माझे कापा."

प्राचार्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की आता टिकल्या पुरे, पोर्शन संपवा. बाई परत आल्या त्या हसतच. "त्यांना सांगून आले, तुमच्यात सगळं आहे हो, फक्त बंद आहे," असं म्हणाल्या. हे त्या खरोखर सांगून आल्या होत्या, यात मला शंका नाही.

पण या सगळ्या गमतीजमतीच्या खाली बाईंचं एक दुखणं होतं. आमच्या भागात बायकांमध्ये गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर फार. गावोगावच्या डॉक्टरांकडून तुकडे तपासायला यायचे ते आमच्याकडे. आणि यायचे तेव्हा उशीर झालेला असायचा. अंगावर पांढरं जातंय, रक्त जातंय, हे बायका वर्ष वर्ष कुणाला सांगायच्या नाहीत. बाई डोळा लावायच्या, गप्पा बंद व्हायच्या आणि रिपोर्ट लिहून त्या बराच वेळ हात धूत बसायच्या. पुण्याहून एसटी पार्सलनं त्यांच्याकडे परदेशी लेखांच्या झेरॉक्स यायच्या. त्यात त्यांनी वाचलं होतं की हा रोग एका विषाणूपासून सुरू होतो, बहुतेक बायकांचा तो आपोआप निघून जातो, पण काहींच्यात ठाण मांडतो. आणि पुढे पेशी बेफाम वाढायला लागते तेव्हा तिला आवर घालणारी दारं कधीकधी मोडलेली नसतातच, नुसती बंद झालेली असतात. टिकली भलत्याच जागी लागलेली असते.

"असं लोक आत्ता कुठं म्हणायला लागलेत, अजून पुरतं सिद्ध व्हायचंय," हे त्या प्रामाणिकपणे प्रत्येक वेळी सांगायच्या. मग डोळे चमकायचे. "पण बघ ना कराडकर, अक्षर खोडलेलं नाही! चिकटवलंय नुसतं. चिकटवलेलं निघू शकतं. आज नाही, पण कधीतरी निघेल." आणि मग आवाज उतरायचा. "टिकली बघायचं यंत्र आपल्याकडे नाही. पण जिच्यात ती चुकलीय, त्या पेशीचा चेहरा गाठ व्हायच्या कितीतरी वर्षं आधी बदलतो. चेहरा मला ओळखता येतो. मला एक बाई वेळेवर सापडू दे. एकच."

त्या एका बाईसाठी त्यांनी आष्ट्याला तपासणी शिबिर घ्यायचं ठरवलं. दोनदा घेतलं आणि दोनदा कुणी फिरकलं नाही. पिशवीची तपासणी म्हटल्यावर कोण येणार? तेव्हा बाई तिथल्या महिला मंडळाच्या प्रमुखांना जाऊन भेटल्या. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. पंचेचाळिशीच्या, पिठाची गिरणी चालवणाऱ्या, आवाज गिरणीच्याही वर. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"आवं बाई, तपासणीला बायका येत न्हाईत. हळदीकुंकवाला येत्यात. सक्रांत हाय फुडं. मी हळदीकुंकू घालते, तुमी आतल्या खोलीत बसा. एकेकीला वाण देती आन आत ढकलती."

बाई खूश. पण त्यांनी एक अट घातली. विधवांनाही बोलवायचं. हळदीकुंकवाला विधवा म्हणजे गावात बोंबाबोंब.

"आजार काय कपाळ बघून येतो का?" बाईंनी विचारलं.

आक्कांनी बाईंच्या कपाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. ज्यांना टोचंल त्या येनार न्हाईत. हाय काय आन न्हाई काय!"

आणि काय सांगू, अडतीस बायका आल्या. अकरा विधवा होत्या. बाहेर तिळगूळ, आत तपासणी. बाई प्रत्येकीशी अशा बोलत होत्या, जणू तिच्या घरी पाहुण्या आल्यात. एकेकीच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरायच्या, पट्टी स्पिरिटमध्ये बुडवायची, मग काढून ट्रेमधल्या पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडायची. हे मांडायचं काम माझं; पेशी दिसाव्यात म्हणून रंग द्यायचा तो नंतर, लॅबमध्ये. "ट्रे सोडून हलायचं नाही," बाईंनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. शेवटची झाली आणि बाई तिच्याशी बोलत तिला सोडायला बाहेर गेल्या. मला गरम पोह्यांचा वास आला. मी म्हटलं, दोन मिनिटांनी काय होतंय?

मी परत आले तेव्हा आक्का ट्रेसमोर उभ्या होत्या. एका हातात हळदीकुंकवाचं ताट, चेहऱ्यावर समाधान.

आमच्याकडे घरात नवी कुठलीही वस्तू आली, नवं काम सुरू झालं, की तिला हळदकुंकू लागतं. शिलाई मशीन असो, मोटरसायकल असो, गिरणीचा पट्टा असो. आक्कांना वाटलं, एवढं चांगलं काम झालं, एवढ्या काचा चमकतायत आणि एकीलाही कुणी बोट लावलेलं नाही. त्यांनी बोट पाण्यात बुडवून अडतीसच्या अडतीस काचांना, बरोब्बर मधोमध, जिथं पेशी होत्या तिथं, हळदकुंकू लावलं होतं. एकही सोडली नव्हती. प्रत्येकीवर झेंडूची एक पाकळीही ठेवली होती.

माझ्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले. तेवढ्यात बाई आत आल्या. त्यांनी ट्रे बघितला, आक्कांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. आणि बाई हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "अगं कराडकर, इतका सुंदर रंग मी आयुष्यात दिला नाही गं काचेला!"

आक्काही त्यांच्याबरोबर हसत होत्या, का ते न कळता.

परतीच्या एसटीत मात्र बाई काचांचा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. मी रडत होते. सांगली जवळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "यातली एखादी ती असली तर? परत बोलावलं आणि ती आली नाही तर?" लॅबमध्ये जाऊन त्यांनी काचा धुऊन बघितल्या, रंग देऊन बघितल्या. ओल्या बोटानं पेशी पुसल्या गेल्या होत्या. जिथं तिथं हळद.

दुसऱ्याच दिवशी आम्ही परत आष्ट्याला गेलो. बाईंनी आक्कांना गिरणीतच गाठलं आणि स्वच्छ सांगितलं, काय झालं ते. आक्कांनी गिरणी बंद केली. एवढ्या आवाजाची सवय झालेल्या जागेत एकदम सामसूम.

"म्हंजी माज्या हातानं समद्या वाया गेल्या व्हय?"

"तुमच्या नाही, माझ्या हातानं," मी मध्येच म्हणाले. "मी ट्रे सोडून गेले."

"तू गप गं पोरी." आक्कांनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "आता आदी माजं घ्या."

"तुमचं त्या दिवशी झालं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"माजं कसलं? मी आडवी पडल्यावर च्याचं कोन बगनार हुतं? आन मला काय झालंय? पर आता माजं घ्या. माजं घेतलं म्हनून सांगितल्याबिगर एक बी बाई फिरून यायची न्हाई."

आक्कांची काच घेऊन झाली. मग त्या स्वतः घरोघरी फिरल्या. "माजी चूक झालीया, मी बी दिलंय, चल ऊठ," एवढंच सांगत. चार दिवसांत सदतीस बायका परत आल्या. अडतिसावी माहेरी गेली होती, तिच्यासाठी बाई लुनावरून तिच्या माहेरच्या गावी गेल्या. पेडल मारत.

काचा वाचायला बाईंना तीन दिवस लागले. मी शेजारी बसून वही लिहीत होते. पहिल्या दिवशी सगळ्या काचा ठीक. दुसऱ्या दिवशी ठीक. आक्कांची काच, पहिली घेतलेली म्हणून डब्यात सगळ्यात खाली राहिली होती. तिसऱ्या दिवशी बाई पेशींशी बोलत होत्या, बोलत होत्या, आणि एकदम थांबल्या. मग ओरडल्या, "सापडली! सापडली गं!" आणि उठून माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवायला लागल्या.

"बाई, कुणाची आहे?" मी नंबर बघितला. "बाई, अहो, आक्कांची आहे."

त्या मटकन खाली बसल्या. मी चिडून म्हटलं, "कुणाला रोग निघाला म्हणून कुणी नाचतं का?" त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "रोग नाही निघाला, कराडकर. रोग व्हायच्या आधीची निघालीय. पेशींचे चेहरे बिघडलेत, पण जागा सोडलेली नाही. पण तू म्हणतेस ते बरोबर आहे. तिच्यासमोर नाचायचं नाही." आणि पाठोपाठ पदर तोंडाला लावून पुन्हा हसल्या. मलाही मग हसू आवरेना.

आक्कांना सांगायला जाताना बाईंनी दोर उतरवून पिशवीत घातला. गिरणीच्या ओट्यावर तो पसरून त्यांनी सगळं सांगितलं, थोरल्या जाऊबाईंसकट. आक्का ऐकत होत्या, पण हातानं ओट्यावरचं पीठ उगाच गोळा करत होत्या.

"त्ये जाऊबाईचं र्‍हाऊ द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "मी मरनार का न्हाई, त्येवडं सांगा."

"मराल ना. पण यानं नाही," बाई म्हणाल्या.

आक्कांनी बाईंकडे नीट बघितलं, खरं बोलतायत का ते. मग पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा रंग आला. मिरजेला एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. पिशवीच्या तोंडाचा बिघडलेला तेवढाच भाग काढला, पिशवी शाबूत. बाई दवाखान्यात दोन्ही दिवस उशाशी बसून होत्या. आठवड्यानं गिरणी पुन्हा सुरू झाली. ओट्यावर जमलेल्या बायकांना आक्का स्वतःच सांगायच्या, माझ्या अंगातली टिकली चुकली होती, काढून टाकली.

खरी परीक्षा वर्षानं होती. तेवढ्या वर्षात काही राहिलं असेल तर ते डोकं वर काढणार होतं. आक्का सांगलीला आल्या, बाईंनी काच घेतली, रंगही स्वतःच दिला. आक्का बाहेर बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. आत बाईंनी डोळा लावला आणि अर्धा तास झाला तरी त्यांच्या तोंडातून शब्द नाही. पेशींशीही नाही.

"कराडकर, बघ."

मी बघितलं. इकडून तिकडून सगळी काच बघितली. "बाई, यात काही नाही."

"परत बघ."

"काही नाही, बाई. साफ आहे."

मग त्यांनी आक्कांना आत बोलावलं आणि स्वतःच्या स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून, दुसरा कसा लावायचा ते दाखवलं. आक्का वाकल्या.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"निळंगुलाबी हाय कायतरी. उनात पापड घातल्यागत." मग घाबरत घाबरत, "त्ये वाईट कुटं हाय ह्यात?"

"नाही."

"न्हाई म्हंजी?"

"म्हणजे नाही, आक्का. कुठंच नाही. गेलं."

आक्कांनी डोळा काढला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर पेशंट वाढत होते, कुणीतरी दार वाजवलं. मी हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला. म्हटलं, "आक्का, लोक थांबलेत."

"थांबू द्या गं," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "माजं हाय न्हवं त्ये? मला पोटभर बगू द्या."

बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मला हातानंच गप्प राहायला सांगितलं.